सल्फासाठी वेगळा रकाना का?

अमेरिकेत नव्या डॉक्टरकडे पहिल्यांदा गेलं की एक लांबलचक फॉर्म भरावा लागतो. त्यात ‘कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का?’ असा प्रश्न असतो आणि पुष्कळदा त्याखाली दोन नावं आधीच छापलेली असतात: पेनिसिलिन आणि सल्फा. पेनिसिलिनचं नाव सगळ्यांना माहीत असतं. सल्फा मात्र आपण कधी घेतल्याचं आठवत नाही, कारण आज ते ‘सल्फा’ या नावानं येत नाही. भारतात ते सेप्ट्रान म्हणून मिळतं, अमेरिकेत बॅक्ट्रिम म्हणून. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी तुमच्यापैकी काहींनी ते नक्की घेतलं असेल.

मग या एका औषधाला वेगळा रकाना का? पॉडकास्टच्या या वेळच्या भागात आम्ही अँटिबायोटिक्समुळे होणाऱ्या गंभीर त्वचाविकारांबद्दल बोललो. त्यामागचा इतिहास बराच मोठा आहे, म्हणून तो इथे सविस्तर लिहितोय.

थोडक्यात सांगायचं तर सल्फा घेऊन कोट्यवधी लोक वाचले आणि अगदी थोड्यांची कातडी भाजल्यासारखी सोलवटून निघाली. औषध जगासमोर आलं १९३५ मध्ये. ही थोडी माणसं पद्धतशीरपणे मोजून धोक्याचा आकडा नीट मांडला गेला १९९५ मध्ये. मधे साठ वर्षं गेली. एवढा वेळ का लागला, हा या लेखाचा प्रश्न आहे.

रंगाच्या कारखान्यातून आलेलं औषध

गोष्ट सुरू होते जर्मनीतल्या एल्बरफेल्ड गावी, बायरच्या प्रयोगशाळेत. बायर ही मुळात कापडाचे रंग बनवणारी कंपनी. कापडाच्या धाग्याला घट्ट चिकटणारा रंग जंतूलाही चिकटेल आणि कदाचित त्याला मारेल, अशी तिथल्या लोकांची अटकळ होती. क्लारर आणि मीच हे रसायनतज्ज्ञ नवनवे रंग तयार करायचे आणि गेरहार्ड डोमाक ते जंतुसंसर्ग झालेल्या उंदरांवर तपासायचे. १९३२ च्या शेवटी एका लाल रंगानं उंदीर वाचले. पुढे त्याचं नाव पडलं प्रॉन्टोसिल. डोमाक यांनी निष्कर्ष छापले ते १९३५ मध्ये. त्याच वर्षी त्यांच्या लहान मुलीच्या, हिल्डेगार्डच्या, हातात सुई घुसून विष पसरलं. हात कापायची वेळ आली होती. बापानं प्रयोगशाळेतलं औषध दिलं आणि मुलगी हातासकट वाचली.

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या लोकांनी लगेच दाखवून दिलं की गुण रंगात नाहीच, शरीरात त्या रंगाचा रेणू तुटून जे साधं रसायन सुटतं त्यात आहे. ते रसायन म्हणजे सल्फानिलमाइड. ते १९०८ मध्येच व्हिएन्नात एका विद्यार्थ्यानं बनवून ठेवलेलं होतं आणि त्यावरचा पेटंटचा हक्कही संपलेला होता. म्हणजे कोणीही बनवा, कोणीही विका! काटेकोरपणे बोलायचं तर सल्फा हे अँटिबायोटिक नव्हे, कारण ते बुरशीतून किंवा जंतूतून आलेलं नाही. पण रोजच्या बोलण्यात आणि दवाखान्यात त्याची गणती त्यांच्यातच होते, म्हणून इथेही तसंच धरू या.

त्या काळी हे औषध काय वाटलं असेल, याचा अंदाज एका उदाहरणावरून येईल. लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात लेनर्ड कोलब्रुक बाळंतज्वराच्या बायकांवर उपचार करत होते. प्रॉन्टोसिलच्या आधी तिथे अशा बायकांपैकी साधारण चौथा हिस्सा दगावत असे. १९३६ मध्ये त्यांनी ३८ जणींना हे औषध दिलं, त्यातल्या ३ गेल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेच्या अध्यक्षांचा मुलगा, फ्रँकलिन रूझवेल्ट ज्युनियर, याच औषधानं बरा झाला आणि वर्तमानपत्रांनी ते घरोघर पोहोचवलं. पेनिसिलिन अजून प्रयोगशाळेच्या बाहेर पडलेलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या प्रथमोपचाराच्या पाकिटात सल्फाची भुकटी असायची.

लवकर सापडणारं विष आणि उशिरा सापडणारं

१९३७ मध्ये सल्फानं पहिला मोठा घात केला. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या एका कंपनीनं लहान मुलांना घेता यावं म्हणून सल्फाचं गोड पातळ औषध काढलं. गोळी विरघळवायला डायएथिलीन ग्लायकॉल वापरलं. ते विषारी असतं आणि मूत्रपिंडं निकामी करतं. काही आठवड्यांत शंभराहून जास्त माणसं मेली, त्यांत पुष्कळ मुलं होती. या हाहाकारातून १९३८ चा अमेरिकी औषध कायदा आला: विकायच्या आधी औषध सुरक्षित आहे हे दाखवा. (हेच रसायन १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलमधून रुग्णांच्या पोटात गेलं. १४ जण गेले आणि लेन्टिन आयोग बसला.)

पण हे विष सापडायला सोपं होतं. औषध घेतलं, चार-आठ दिवसांत लघवी बंद झाली, माणूस गेला. एकाच गावात, एकाच बाटलीनं, अनेक जण. गावच्या डॉक्टरलाही दोन आणि दोन चार करता येतात.

त्वचेच्या गंभीर विकाराचं तसं नसतं. औषध सुरू केल्यावर साधारण चार दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत काहीच दिसत नाही. मग ताप येतो, घसा दुखतो, डोळे चुरचुरतात. अगदी फ्लूसारखं. एक-दोन दिवसांनी अंगावर गडद लालसर डाग उठतात, ते दुखतात, त्यांवर फोड येतात, आणि ओठ, तोंड, डोळे, जननेंद्रियं यांची आतली नाजूक त्वचा सोलवटते. तोवर कित्येकदा गोळ्यांचा कोर्स संपलेलाही असतो. आणि हे होतं हजारोंमध्ये किंवा लाखांमध्ये एखाद्यालाच. एका डॉक्टरच्या सगळ्या कारकिर्दीत असा रुग्ण एखादाच येणार. त्याला दोन आणि दोन मिळणारच नाहीत, चार कुठून करणार?

आजाराला आधीच नाव होतं

दुसरी अडचण जास्त मजेशीर आहे. १९२२ मध्ये, म्हणजे सल्फाच्या बऱ्याच आधी, न्यू यॉर्कमधल्या अल्बर्ट स्टीव्हन्स आणि फ्रँक जॉन्सन या दोन बालरोगतज्ज्ञांनी दोन मुलग्यांची हकिकत छापली होती. वयं ७ आणि ८. ताप, अंगभर पुरळ, तोंड आलेलं, डोळ्यांना भयंकर सूज आणि पू. दोघांनी त्याला पुरळ येणारा एक नवा ज्वर म्हटलं. आज आपण ‘स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम’ म्हणतो तो हाच.

याचा परिणाम असा झाला की सल्फाच्या काळात असे रुग्ण दिसायला लागले तेव्हा डॉक्टरांच्या हाती एक तयार उत्तर होतं: हा एक ज्वर आहे, कुठल्यातरी संसर्गानं होतो. रुग्णानं सल्फा घेतली होती खरी, पण ती घेतली होती ताप होता म्हणूनच! मग पुरळ तापामुळे आलं की गोळीमुळे? हा पेच खोटा नव्हता. काही मुलांना हा प्रकार खरोखरच संसर्गामुळे, औषधाशिवाय होतो. त्यामुळे औषधावर बोट ठेवणारा डॉक्टर आणि संसर्गावर बोट ठेवणारा डॉक्टर, दोघंही आपापल्या रुग्णापुरते बरोबर असू शकत होते. एकेका रुग्णाकडे बघून हा वाद सुटणं शक्यच नव्हतं.

१९५६ मध्ये स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनचे त्वचारोगतज्ज्ञ अ‍ॅलन लायल यांनी चार रुग्णांचं वर्णन छापलं. त्यांची कातडी उकळतं पाणी पडल्यासारखी मोठमोठ्या पापुद्र्यांनी सुटत होती. लायल यांनी त्याला ‘टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस’ असं नाव दिलं. इंग्रजी आद्याक्षरांवरून डॉक्टर त्याला टेन म्हणतात. लेख छापून आल्यावर इतर डॉक्टरही आपापल्या रुग्णांबद्दल लिहू लागले, आणि १९६७ मध्ये लायल यांनी १२८ रुग्णांचा आढावा घेऊन त्यांची कारणांनुसार वर्गवारी केली. काहींमध्ये औषध, काहींमध्ये स्टॅफिलोकॉकस हा जंतू, काहींमध्ये इतर आजार, आणि काहींमध्ये काहीच सापडत नव्हतं.

पुढे १९७० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी नवजात उंदरांवर दाखवलं की स्टॅफिलोकॉकसच्या विषानं होणारा प्रकार वेगळाच आहे. तो मुख्यतः लहान मुलांना होतो, त्यात कातडीचा फक्त वरचा पातळ थर सुटतो आणि बहुतेक मुलं बरी होतात. औषधानं होणाऱ्या प्रकारात कातडीचा पूर्ण वरचा थर, एपिडर्मिस, मरतो. हा भेद कळण्याला केवढं महत्त्व आहे बघा. दिसायला दोन्ही सारखे. एकावर उपाय अँटिबायोटिक, दुसऱ्याचं कारणच अँटिबायोटिक! एकाच नावाखाली हे दोन्ही मिसळलेले होते तोवर कुठलाही आकडा खरा निघणार नव्हता.

निरोगी माणसाला दिलेली गोळी

दरम्यान औषध कंपन्यांनी शरीरात दीर्घकाळ टिकणारी सल्फा काढली होती. दिवसातून चारदा गोळी घ्यायच्या ऐवजी दिवसातून एकदा, पुढे तर आठवड्यातून एकदा. रुग्णाला सोय झाली, पण काही बिनसलं तर औषध शरीरातून लवकर बाहेरही पडत नाही. १९६६ पर्यंत अमेरिकेत या दीर्घकाळ टिकणाऱ्या सल्फाशी जोडलेले स्टीव्हन्स-जॉन्सनचे अनेक रुग्ण नोंदले गेले.

आपल्यासारख्या प्रवासी लोकांना जवळची वाटेल अशी गोष्ट पुढची आहे. मलेरियावर क्लोरोक्विन चालेनासं झालं, तेव्हा फॅन्सिडार नावाची गोळी आली. तिच्यात पायरिमेथामाइन आणि सल्फाडॉक्सिन ही दीर्घकाळ टिकणारी सल्फा होती. १९८२ पासून अमेरिकेतले प्रवासी आफ्रिकेत, आशियात जाताना मलेरिया होऊ नये म्हणून ती दर आठवड्याला घेऊ लागले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं, म्हणजे सीडीसीनं, हिशेब मांडला तेव्हा या प्रवाशांमध्ये त्वचेच्या गंभीर विकाराचे २४ रुग्ण सापडले. त्यातले ७ मरण पावले होते. १९८५ मध्ये केंद्रानं इशारा दिला आणि प्रतिबंधासाठी ती गोळी देणं जवळजवळ थांबलं.

इथे नक्की काय बदललं? औषध त्याच घराण्यातलं होतं. पण बाळंतज्वरानं मरायला टेकलेल्या बाईला सल्फा देताना धोका कितीही असला तरी हिशेब सोपा असतो. सहलीला निघालेल्या निरोगी माणसाचा हिशेब वेगळा. शिवाय हे लोक मुळात आजारी नव्हते, त्यामुळे ‘पुरळ तापानं आलं असेल’ ही सबबही उरली नाही. आणि तिसरी गोष्ट म्हणजे या प्रवाशांच्या देशात मोजणारी यंत्रणा होती. गोळ्या किती खपल्या हे माहीत होतं, रुग्ण कुठे कळवायचे हे माहीत होतं. वरची संख्या आणि खालची संख्या दोन्ही हाताशी असल्या तरच अपूर्णांक मांडता येतो.

डोमाक यांचं दुसरं औषध

जिथे ही यंत्रणा नव्हती तिथे काय झालं, ते डोमाक यांच्याच दुसऱ्या औषधावरून दिसतं. १९३९ चं नोबेल त्यांना जाहीर झालं, पण हिटलरच्या सरकारनं ते नाकारायला लावलं. पदक मिळालं १९४७ मध्ये, पैसे मिळाले नाहीत. त्याच सुमारास, युद्धात मोडून पडलेल्या जर्मनीत, त्यांच्या गटानं क्षयरोगावर थायासिटाझोन काढलं. ते अतिशय स्वस्त होतं. श्रीमंत देशांनी ते लवकरच बाजूला ठेवलं. गरीब देशांना मात्र ते परवडत होतं. भारताच्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात आयसोनियाझिड आणि थायासिटाझोन ही जोडी कित्येक वर्षं नेहमीचा उपचार होती. महाराष्ट्रात ज्यांच्या घरात १९७०-८० च्या दशकांत कोणाला टीबी झाला असेल, त्यांच्यापैकी अनेकांनी वर्ष-दीड वर्ष या गोळ्या घेतल्या असणार.

थायासिटाझोननं त्वचेचे विकार होतात हे ठाऊक होतं. अनेक देशांत मिळून केलेल्या पाहण्यांत हेही दिसलं होतं की त्रासाचं प्रमाण देशागणिक बदलतं. मग एचआयव्ही आला. १९९१ मध्ये नैरोबीतल्या संशोधकांनी आकडे छापले. थायासिटाझोन घेणाऱ्या क्षयरुग्णांपैकी ज्यांना एचआयव्ही नव्हता त्यांच्यात त्वचेच्या विकाराचं प्रमाण साधारण १ टक्का होतं. ज्यांना होता त्यांच्यात २० टक्के. पाचातला एक! टेन होऊन मृत्यूही झाले होते. यानंतर जागतिक आरोग्य संघटनेनं एचआयव्ही असलेल्या क्षयरुग्णांना हे औषध देऊ नये असं सांगितलं आणि हळूहळू ते मागे पडलं.

औषध तेच, मात्रा तीच, आणि त्रास वीसपट. म्हणजे धोका नुसता गोळीत नसतो. ती कोणाच्या शरीरात जाते यावरही तो ठरतो. को-ट्रायमॉक्साझोलचा, म्हणजे सेप्ट्रानचा, अनुभवही असाच होता. १९८० च्या दशकात एड्सच्या रुग्णांना न्यूमोनियासाठी ते मोठ्या मात्रेत द्यावं लागे आणि त्यांच्यात पुरळ येण्याचं प्रमाण इतरांच्या कितीतरी पट असे. तरीही ते बंद झालं नाही, कारण त्या न्यूमोनियानं माणसं पटापट मरत होती.

शेवटी कोणीतरी मोजलं

पॅरिसजवळच्या क्रेतेई इथले त्वचारोगतज्ज्ञ जाँ-क्लोद रूजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवलं की एकेका रुग्णावर वाद घालण्यात अर्थ नाही. आधी त्यांनी व्याख्या पक्की केली. शरीराच्या १० टक्क्यांहून कमी कातडी सुटली तर स्टीव्हन्स-जॉन्सन, ३० टक्क्यांहून जास्त सुटली तर टेन, मधलं ते दोहोंच्या सीमेवरचं. मग फ्रान्स, जर्मनी, इटली आणि पोर्तुगाल या चार देशांतल्या रुग्णालयांतून असे रुग्ण शोधले. २४५ सापडले. त्यांच्या तुलनेसाठी त्याच रुग्णालयांत दुसऱ्या कारणांनी आलेले ११४७ रुग्ण घेतले. आणि सगळ्यांना एकच प्रश्न विचारला: आजारी पडायच्या आधीच्या दिवसांत तुम्ही कोणकोणती औषधं घेतली, आणि कधी सुरू केली?

१९९५ मध्ये निष्कर्ष छापून आले. सल्फा घेणाऱ्यांमध्ये हा विकार होण्याची शक्यता न घेणाऱ्यांच्या १७२ पट निघाली. पेनिसिलिनच्या घराण्यातल्या नेहमीच्या गोळ्या, सेफॅलोस्पोरिन, क्विनोलोन यांच्यातही धोका दिसला, पण त्याहून पुष्कळच कमी. अँटिबायोटिक नसलेली फिटवरची काही औषधं आणि गाऊटवरचं अ‍ॅलोप्युरिनॉल हीसुद्धा यादीत होती.

१७२ पट हा आकडा ऐकून दचकायला होतं. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा शेजारी ठेवा: दहा लाख माणसांनी आठवडाभर सल्फा घेतली तर त्यामुळे असे चार-पाच रुग्ण वाढतात. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला सांगतो की दोषी कोण. दुसरा सांगतो की गरज असेल तर घाबरून औषध नाकारण्यासारखं काही नाही. आणि त्या चार-पाचांच्या वाट्याला काय येतं तेही विसरून चालत नाही. टेन झालेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा दगावतो. वाचलेल्यांपैकी अनेकांचे डोळे कायमचे कोरडे होतात, काहींची दृष्टी जाते.

शरीर स्वतःच्याच कातडीवर उठतं

हे होतं कसं, हे गेल्या तीसएक वर्षांत बरंचसं उलगडलं. आपल्या रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या टी-पेशी जंतूनं पछाडलेल्या पेशी शोधून मारतात. काही माणसांच्या पेशींवर औषधाचा रेणू असा बसतो की टी-पेशींना त्या पेशी परक्या वाटतात. मग त्या कातडीच्या पेशींना मरायचा हुकूम देत सुटतात. पेशींवर काय दाखवायचं हे एचएलए नावाची जनुकं ठरवतात आणि ती घराण्यागणिक, वंशागणिक बदलतात.

२००४ मध्ये तैवानच्या संशोधकांनी दाखवलं की कार्बामॅझेपिन या फिटच्या औषधानं स्टीव्हन्स-जॉन्सन झालेल्या चिनी वंशाच्या रुग्णांमध्ये एकच विशिष्ट एचएलए जनुक आढळतं. २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं आशियाई मुळं असलेल्यांना ते औषध सुरू करण्याआधी तपासणी सुचवली. सल्फाची चुलत बहीण म्हणावी असं डॅप्सोन हे कुष्ठरोगावरचं औषध. महाराष्ट्रात वर्ध्यापासून अनेक ठिकाणी त्यानं हजारो लोकांना बरं केलं. त्याच्याही गंभीर अतिसंवेदनशीलतेमागचं जनुक २०१३ मध्ये चीनमधल्या कुष्ठरुग्णांच्या अभ्यासातून सापडलं. म्हणून परदेशात डॉक्टर तुमचं मूळ विचारतात तेव्हा दर वेळी त्यात आगाऊपणा असतो असं नाही.

उपचार आणि एक खटला

उपचाराची पहिली पायरी सगळ्यात महत्त्वाची: संशयित औषध तत्काळ बंद. त्यानंतर रुग्णाला भाजलेल्यांच्या विभागात किंवा अतिदक्षता विभागात ठेवून द्रव भरून काढणं, जखमा सांभाळणं, दुसरा संसर्ग टाळणं, डोळ्यांची रोज काळजी घेणं. (बाळंतज्वरावर सल्फा वापरणारे कोलब्रुक पुढे भाजलेल्यांच्या उपचाराकडे वळले, आणि सल्फानं कातडी गेलेले रुग्ण आज अशाच विभागांत वाचवले जातात.) त्यापुढे कोणतं औषध द्यावं यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही.

या न झालेल्या एकमताचा एक खटला भारतात गाजला. १९९८ मध्ये अमेरिकेत राहणारी एक बालमानसतज्ज्ञ सुटीवर कोलकात्याला आली. अंगावर पुरळ उठलं, आजार वाढत जाऊन टेनचं निदान झालं, विमानानं मुंबईला हलवलं आणि मे महिन्यात तिथे तिचा मृत्यू झाला. तिच्या डॉक्टर नवऱ्यानं कोलकात्यातल्या उपचारांविरुद्ध दावा लावला. मुद्दा पुरळ कशानं आलं हा नव्हता, तर नंतर दिलेल्या स्टेरॉइडची मात्रा आणि पोषक उपचारांची हेळसांड हा होता. सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये निष्काळजीपणा मान्य केला आणि २०१३ मध्ये सुमारे सहा कोटी रुपयांची भरपाई ठरवली. वैद्यकीय निष्काळजीपणाच्या भारतातल्या खटल्यांत एवढी मोठी रक्कम तोवर कोणाला मिळाली नव्हती.

आपल्या बॅगेतल्या गोळ्या

आता आपल्याकडे येऊ. भारतातून परतताना बॅगेत चकली-भाकरवडीच्या शेजारी गोळ्यांच्या चार-पाच पट्ट्या असतातच. ‘असू दे, तिकडे डॉक्टर लवकर भेटत नाहीत’ असं म्हणत आईनं किंवा मावशीनं भरलेल्या. इकडे अपॉइंटमेंटला तीन आठवडे लागतात, हेही खरं आहे. भारतात अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय विकू नये असा नियम आहे, २०१६ पासून पट्टीवर लाल उभी रेघही ओढतात, तरी गल्लीतल्या मेडिकलमध्ये काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. या गोळ्यांचा त्वचेच्या बाबतीतला खरा धोका असा की त्यांची नोंद कुठेच नसते. तीन आठवड्यांनी तुम्ही ताप आणि पुरळ घेऊन लंडन किंवा दुबईच्या रुग्णालयात गेलात, तर तिथल्या संगणकावर तुम्ही कुठलंच औषध घेतलेलं नाही.

म्हणून काही साध्या गोष्टी. ब्रँडचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव लिहून ठेवा, कारण सेप्ट्रान म्हटलं तर तिकडच्या डॉक्टरला कळेलच असं नाही, को-ट्रायमॉक्साझोल किंवा सल्फामेथॉक्साझोल म्हटलं तर कळेल. एकदा त्वचेचा गंभीर त्रास झालेला असेल तर ते औषध आयुष्यात पुन्हा घ्यायचं नाही, ‘थोडंसं घेऊन बघू’ असंही नाही. नुसतं खाजणारं पुरळ बहुतेकदा साधंच असतं, त्यासाठी डॉक्टरला फोन पुरे. पण नवं औषध सुरू केल्यावर ताप आला, कातडी दुखायला लागली, फोड आले, तोंड किंवा डोळे सोलवटले, तर त्याच दिवशी इमर्जन्सीत जायचं. आणि हो, सल्फा वेगळं, शँपूतलं सल्फेट वेगळं, वाइनमधलं सल्फाइट वेगळं. सल्फाची अ‍ॅलर्जी आहे म्हणून शँपू बदलायची गरज नाही.

दुसरी गोष्ट नोंदवण्याची. इंग्लंडमध्ये १९६४ पासून औषधाच्या त्रासासाठी पिवळं कार्ड आहे, अमेरिकेत १९९३ पासून मेडवॉच, भारतात २०१० पासून राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम. तिन्ही ठिकाणी डॉक्टरच कशाला, रुग्ण किंवा घरची माणसंही कळवू शकतात. आपल्या घरांत मात्र ‘तिला ती गोळी मानवली नाही’ एवढ्यावर विषय संपतो. कोणती गोळी, किती दिवस, नंतर काय झालं, हे कोणी लिहून ठेवत नाही, आणि ती माणसं गेली की ती माहितीही जाते.

युरोपातल्या त्या २४५ रुग्णांची नावं आपल्याला माहीत नाहीत. पण कोणीतरी त्यांच्या खाटेशी बसून शांतपणे सगळं विचारून लिहून घेतलं, म्हणून आज फॉर्मवर सल्फाचं नाव आहे. पुढच्या वेळी घरी फोन कराल तेव्हा आजीला, काकांना विचारा: कुठलं औषध मानवलं नव्हतं, आणि तेव्हा नेमकं काय झालं होतं? उत्तर मिळालं की ते लिहून ठेवा.